तहसीनचं उलट बोलणं

अहेरीत मी एकतीस वर्षं मास्तरकी केली. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हा माझ्या वर्गाचा पहिला नियम. तो अगदी मनापासून पाळणारी मुलगी म्हणजे तहसीन. त्याच नियमाने तिचा घात केला, हे आधीच कबूल करून टाकतो.

तिची आई खैरुनबी आठवडी बाजारात बांगड्या भरते. तहसीनने नागपूरला बी.ए.ला फ्रेंच घेतलं तेव्हा गावाने तिला वेड्यात काढलं. त्यात मीही होतो. "अवं पोरी, इथी कोनासंग बोलशीन फ्रेंच?" असं विचारलं होतं मी. ती नुसती हसली. पण भारी जिद्दीची. सुट्टीत घरी आली की बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यांवर शब्द लिहून पाठ करत बसायची. लेखी पेपरांत तिन्ही वर्षं वर्गात पहिली.

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मात्र ती नापास झाली. त्या परीक्षेत परीक्षक मुद्दाम एखादं मत मांडतात आणि ते फ्रेंचमधून खोडून काढायचं असतं. परीक्षक बाई साठीच्या. त्या म्हणाल्या, "मुलींनी घराजवळ मिळेल तेच शिकावं." तहसीनने मान खाली घातली आणि अस्खलित फ्रेंचमध्ये सांगितलं, "आपलं बरोबर आहे, मॅडम." बाईंनी पुन्हा डिवचलं. हिने पुन्हा मान्य केलं. दहा मिनिटं ती वडीलधाऱ्या बाईचा मान राखत राहिली!

फेरपरीक्षा एकदाच होती. तीही गेली तर पदवी हुकणार. गावी आल्यावर ती माझ्यासमोर रडली. "सर, भाषा येते मले. पन मोठ्या मानसाले तुमचं चुकलं असं कसं म्हनू?" लहानपणापासून तिचं तोंड मीच बंद केलं होतं. फार लाज वाटली.

उत्तर सापडलं ते बाजारात. मी पलीकडे भाजी घेत होतो. तहसीन आईच्या शेजारी बसली होती आणि समोर मनकर्णाबाई नावाची म्हातारी हट्टाला पेटली होती. तिला लहान मापाच्याच बांगड्या हव्या होत्या. खैरुनबी म्हणाली, "तुमचंच खरं हाय, बाई. हात त द्या इकडं." मग पंजा दाबत, सुनेची चौकशी करत तिने मोठ्या मापाची बांगडी अलगद चढवली. "पाहा बरं, काम करतानी रुतते का?" म्हातारीने हात हलवून पाहिला आणि त्याच मापाच्या डझनभर भरून घेतल्या. जाताना मात्र आपलंच खरं झालं अशा तोऱ्यात गेली. तहसीन त्या दिवशी बाजार उठेपर्यंत आईकडे बघत बसली होती.

फेरपरीक्षेला त्याच बाई. या वेळी म्हणाल्या, "आठवडी बाजार बंद करावेत. सगळं मोबाईलवर मिळतं."

तहसीनने वर पाहिलं. "अगदी खरं, मॅडम. जरा आपला हात दाखवता?" बाईंनी गोंधळून हात पुढे केला. "या हाताला कोणती बांगडी रुतणार नाही, हे मोबाईलला कसं कळणार?" मग काय, बाईंनी मत मांडावं आणि हिने ते गोड बोलून मोडीत काढावं. पोरगी पास झाली. वाहवा, म्हटलं मी!

पेढे घेऊन ती माझ्याकडे आली. मी खुशीत म्हणालो, "झालं नं आता? इथीच बी.एड. कर, शाळेत लाग. घराजवळ बरं असते."

"तुमचं खरं हाय, सर." तिने माझ्या हातावर दुसरा पेढा ठेवला. "पन मी एम.ए. करून फ्रेंचच शिकवीन म्हंते. इथल्या पोरींले पुढं फ्रेंच शिकावं वाटलं, त कोन शिकवन? तुमी?"

एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला असं उलट उत्तर दिलं नव्हतं. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "नाई बाप्पा. तुझंच खरं."