जळगावच्या सभागृहात माझी आई

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. सकाळी रेडिओवर भक्तिगीतं लावली की ती रडायची. पुढची ओळ तिला माहीत असायची आणि तोंडून निघायची नाही. म्हणून मी शब्द नसलेलं संगीत शोधायला लागले. आधी सतार, बासरी लावून पाहिली, पण त्यातल्या ओळखीच्या चालींमागे तिचे शब्द दबा धरून बसलेले असायचे. ती पुन्हा रडायची. शेवटी जिथले शब्द आम्हा दोघींनाही येत नव्हते अशा ठिकाणी मी गेले. युरोपात.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिथल्याच देवपूर भागात आमच्या दोन खोल्या आहेत. पाश्चात्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. फोनवर पहिल्यांदा सापडलं ते बरोक काळातलं, तीनशे वर्षांपूर्वी चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका जर्मन वादकाचं. एक साधी, संथ चाल आणि मग त्याच चालीची एकामागून एक बदलत जाणारी रूपं. आई डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळाने तिच्या डाव्या हाताची बोटं माझ्या मनगटावर हलायला लागली. ती ताल धरत होती.

दोन वर्षं आमचं हेच चाललं. कॉलेजातून आले की तिची पाठ पुसायची, पेज भरवायची आणि मग संगीत. मी वाचून काढायचे, कोणतं कुठल्या काळातलं, कोणी कशासाठी रचलं, आणि आईला सांगायचे. बहिऱ्या होत चाललेल्या त्या संगीतकाराची सिंफनी लावली, तेव्हा सुरुवातीचे चार ठोके ऐकून तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. कोणीतरी आलं असं तिला वाटलं. नदीवरची एक रचना होती, दोन झऱ्यांपासून सुरू होऊन मोठ्या पात्रापर्यंत जाणारी. ती ऐकवताना मी म्हणाले, "ही आपली पांझरा समज, तापीला मिळेपर्यंतची." आणि गेल्या शतकातलं ते दणदणाटी बॅलेचं संगीत, ज्याच्या पहिल्या प्रयोगाला पॅरिसचे लोक खुर्च्यांवरून उठून भांडले होते, ते ऐकून माझी आई अर्ध्या चेहऱ्याने खळखळून हसली. तिला इतकं हसताना मी आजारपणाआधीही फार वेळा पाहिलं नव्हतं.

ती गेली त्या सकाळी एक मृत्युप्रार्थना लावली होती. रचणारा ती अर्धवट टाकून वारला, पुढची त्याच्या शिष्याने पूर्ण केली. आईची बोटं माझ्या मनगटावर चालत होती. मग थांबली. संगीत पुढे चालूच राहिलं. मला ते बंद करायचा धीर झाला नाही. संपेपर्यंत मी हात तसाच ठेवून बसले आणि मग शेजारच्या वहिनींना हाक मारली.

हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं.

तो आमच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायला आला होता. मूळचा पाचोऱ्याचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायचा. आई गेल्यावर स्टाफरूममध्ये मी कानात इअरफोनची बोंडं घालून बसायचे, तर एकदा समोर येऊन म्हणाला, "अक्का, एवढं काय ऐकता? मलाही ऐकवा ना." मी एक बोंड त्याला दिलं. तिथून सुरुवात झाली. वर्षभर तो रविवारी घरी यायचा. मी चहा करायचे, तो ऐकायचा आणि प्रश्न विचारायचा. चांगले प्रश्न विचारायचा. एकात एक गुंतलेले आवाज म्हणजे काय ते त्याला कळेना, तेव्हा मी त्याला धुळ्याच्या स्टँडवर नेलं. एक कंडक्टर "पारोळा, एरंडोल, जळगाव" ओरडत होता. त्याचं संपायच्या आत दुसऱ्याने "शिरपूर, शिरपूर" सुरू केलं, तेवढ्यात तिसरा. "आता सगळे एकदम ऐक आणि प्रत्येकाला वेगळंही ऐक," मी म्हणाले. तो डोळे मिटून तिथेच उभा राहिला आणि लोक त्याला धक्के मारून गाडीत चढत राहिले.

पाचोऱ्याला त्याच्या घरीही मी गेले होते. त्याची आई मला लेकीसारखं वागवायची. मी तिला माय म्हणायचे.

कॉलेजच्या हॉलमध्ये काही रविवार कार्यक्रम करायचं आम्ही दोघांनी ठरवलं. बरोकपासून आजपर्यंत, एकेका काळातली एकेक मोठी रचना. मला लोकांसमोर बोलवत नाही. वर्गात बोलते ते वेगळं. म्हणून मी सांगायचं, त्याने बोलायचं. धुळ्यात ते छान झालं. शेवटच्या रविवारी त्याने मला उभं करून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. आईची गोष्ट त्यात नव्हती. ती घ्यायची नाही, असं बोलायचीही गरज मला वाटली नव्हती.

पुढे त्याला जळगावला नोकरी लागली. येणं कमी झालं, फोन कमी झाले. हे होतंच. मग एका विद्यार्थिनीने मला व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर पाठवलं. जळगावच्या एका सभागृहात त्याचा कार्यक्रम. तेच काळ, तोच क्रम. मला कळवलं नव्हतं. गडबडीत राहिलं असेल, असं मी मनाला सांगितलं आणि त्याला चकित करायचं म्हणून सकाळची गाडी पकडली. एरंडोलला उतरून त्याच्यासाठी केळीचे वेफर्स घेतले.

सभागृह भरलेलं होतं. मी मागे बसले. तो सुंदर बोलत होता, आधीपेक्षाही सुंदर. स्टँडवरचे कंडक्टर आले, पांझरा आली. लोक हसत होते, माना डोलवत होते. मीही हसले. माझं नाव शेवटी येईल म्हणून वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू.

मग त्याने आवाज खाली आणला. म्हणाला, "माझ्या आईची वाचा गेली होती." मला आधी कळलंच नाही तो कोणाबद्दल बोलतोय. मनगट आलं. बोटं आली. ती दाराकडे पाहणारी मान आली. अर्ध्या चेहऱ्याचं हसू आलं. माझ्या शेजारच्या बाई पदराने डोळे पुसायला लागल्या. आणि शेवटी तो म्हणाला, "बोटं थांबली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिने माझं नाव घेतलं."

माझी आई एक शब्द बोलली नव्हती. दोन वर्षं ती एका शब्दासाठी धडपडत होती आणि तो न सापडताच गेली. त्याने तिच्या तोंडात शब्द घातला, आणि तोही स्वतःचं नाव.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी त्याला घेरलं. गर्दी ओसरेपर्यंत मी थांबले. मला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"अक्का, तुम्ही? सांगायचं ना, गाडी पाठवली असती."

"तुझी माय कशी आहे?" मी विचारलं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग मला खांबाआड नेऊन हळू आवाजात म्हणाला, "अक्का, दुसऱ्याची गोष्ट सांगितली की लोक घड्याळ बघतात. 'माझी आई' म्हटलं की ऐकतात. शेवटी संगीत पोचलं ना लोकांपर्यंत? आपल्याला तेच हवं होतं ना?"

"माझी आई बोलली नाही रे."

"ते थोडं... शेवट करायला लागतो काहीतरी."

 पिशवीतले वेफर्स तसेच घेऊन मी स्टँडवर आले. परतीच्या गाडीत सारखं एकच मनात येत होतं, की ज्या वेळी मी त्याला हे सांगत होते, तेव्हा त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं की तो तेव्हाच शेवट शोधत होता, हे मला आजही कळत नाही.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ फिरायला लागला. काही दिवसांनी पाचोऱ्याहून त्याच्या मायचा फोन आला, "ये एकदा." मला बरं वाटलं. निदान ती तरी माझ्या बाजूची आहे. चाळीसगावला गाडी बदलून मी गेले.

तिने ओट्याशी बसवून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. मी जेवत असताना म्हणाली, "जळगावले मी मरी गयी म्हने. सुरतनी नणंद फोनवर रडी ऱ्हायंती."

मी घास खाली ठेवला. तिने माझा हात धरला.

"तो मना पोऱ्या शे, बेटा. त्यानं नाव व्हई ऱ्हायनं. तू कोनले सांगू नको."

"माय, ती माझी आई होती."

"तुनी माय ते गयी. तिले आते काय फरक पडस? मी जित्ती शे, माले मरेल म्हनेल चालस. तुले काय?"

ती हे रागाने बोलली नाही. मायेने बोलली, भाकरी पुढे सरकवत. त्याने लोकांसमोर जे केलं ते सोसवलं होतं, पण इथे त्या ओट्याशी मला रडू फुटलं. तिला वाटलं मी कबूल झाले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. उरलेली भाकरी संपवून निघाले.

त्याच्याशी मी पुन्हा बोलले नाही. त्यानेही फोन केला नाही. राखीपौर्णिमेला एक फुलांचं चित्र तेवढं आलं.

अलीकडे आमच्याच स्टाफरूममध्ये एक नवीन सहकारी बाई फोन घेऊन माझ्याजवळ आल्या. "ताई, हे ऐकलंत का? मला तर रडूच आवरेना." त्याचा आवाज मी पहिल्या वाक्याला ओळखला. बाईंचे डोळे खरोखर भरले होते. बोटं थांबण्याची जागा आली तेव्हा मी म्हणाले, "ही माझी आई आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हो ना, ताई. ऐकताना प्रत्येकाला आपलीच आई वाटते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. समजावून सांगता आलं असतं. तास व्हायचा होता, घंटा झाली, आणि मी खडू घेऊन वर्गावर गेले.