मैनेचं थान

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सरहद्दीवर अफूची गाठोडी पकडली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. एका घोडीच्या चोरीची रपट मात्र काही केल्या मनातून जात नाही.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी बिदरला नवा अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. फिर्यादी कानडीत रडणार, रपट उर्दूत लिहायची आणि वैताग मराठीत गिळायचा, असा कारभार होता. घर उदगीरला. इथे चौकीच्या मागे एक खोली आणि खानावळीचं जेवण. जेवताना समोर भिंत असायची.

किल्ल्याच्या बाजूला एका जहागीरदाराच्या तबेल्यांचा बोळ होता. दोन्ही अंगांना दगडी खण आणि प्रत्येक खणात एका घोड्याची जागा. तिला थान म्हणत. जहागिऱ्या गेल्या, घोडे विकले गेले. मग कारभाऱ्याने खणांना दारं बसवली, भिंतींना चुना दिला आणि मास्तर-कारकुनांना त्या खोल्या भाड्याने दिल्या. ओलसर हवेत चुन्याखालून घोड्यांचा वास तरीही वर यायचा. भिंतीतल्या लोखंडी कड्यांना आता कपड्यांच्या दोऱ्या होत्या. दगडी गव्हाणीत कुणी पाणी साठवी, कुणी देव मांडी. गंमत म्हणजे माणसांची ओळखही घोड्यांवरूनच व्हायची. "शमशेरच्या थानातले मास्तर हायत का?" असं टपालवाला विचारी आणि मास्तर निमूट 'ओ' देत.

भाऊबीजेच्या सकाळी एक टांगेवाला चौकीत आला.

"साब, मेरी मैना कोई ले गया! टांगा खड़ा है, चूल्हा बंद है."

मैना ही त्याची तांबडी घोडी. याच तबेल्यातून विकत घेतलेली. मी जागेवर जाऊन पंचनामा केला. खुंटाला दोराचा तुकडा होता. त्याचं टोक ओलं होतं आणि त्याचे धागे पिंजलेले होते. पाडव्याला सवाऱ्यांनी दमून त्याने नुसता गळ्याचा दोर बांधला होता. मागच्या पायांना बांधायची पिछाडी राहून गेली होती. तुकडा मी मुद्देमालात ठेवला आणि तेवढ्यावर विसरलो. माझंही डोकं चोराच्या मागे लागलं होतं.

पुढे खबर आली ती बोळाच्या तोंडाशी दूध विकणाऱ्या गवळ्याकडून. आमचा तो जुना खबऱ्या.

"सायेब, उकिरड्यावर ताजी लीद पडायलीय. बोळात घोडं न्हाई, मंग लीद कुठून यायलीय?"

भाडेकरू दिवाळीला आपापल्या गावी गेले होते. मागे राहिले होते ते दोघंच, ज्यांना जायला गाव उरलं नव्हतं. एक जहागीरदाराचा म्हातारा सईस. घोडे गेले तरी तो खोगिरांच्या कोठीत राहिला होता आणि मैनेला त्यानेच शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. समोरच्या शेवटच्या खोलीत एका मास्तराची विधवा बायको. तिला सगळे अक्का म्हणत. घोडी चोरणारा कोण, हे सांगायला फौजदार कशाला हवा? मी सईसाला उचलून आणलं.

"घोडी तुमीच नेलाव?"

"व्हय सायेब. मीच नेलो."

इतक्या लवकर कबूल करणारा माणूस मला कधीच आवडला नाही.

"दोर कसा काढलाव?"

"इळ्यानं कापलो."

"घोडी कुठंय?"

"इकलो."

"कुणाला?"

हवालदाराने हात उचलला, तो मी खाली घ्यायला लावला. मुद्देमालातून दोर काढून टेबलावर टाकला.

"हे इळ्याचं काम न्हाई. घोडीनं दोर कुरतडलाय, अन् आपल्या पायानं गेलीय. तुमी कामून अंगावर घ्यायलाव?"

त्याने दोराकडे पाहिलं आणि एकदम मोकळं हसला. आपलं लेकरू हुशार निघाल्यावर बाप हसतो तसा.

"मला हवालातीत टाका सायेब. भाईर तरी माजं कोण हाय? हितं चार माणसं बोलायलेत की."

हे ऐकून मला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. रोज समोरच्या भिंतीशी जेवणाऱ्याला त्या म्हाताऱ्याचं म्हणणं नको इतकं समजलं.

आता प्रश्न एवढाच होता की तो कुणासाठी खोटं बोलतो आहे. बोळात दुसरं होतं कोण? मी टांगेवाल्याला घेऊन अक्काच्या दारापाशी गेलो. भर दुपारी दार लावलेलं होतं. कडी वाजवली तशी अक्काने दार उघडलं आणि बाजूला झाली.

खोलीभर घोडी होती. दुसरा शब्द नाही. भिंतीतल्या आपल्या जुन्या कडीकडे तोंड करून मैना उभी होती आणि तिला बांधलेलंही नव्हतं. गव्हाणीतले देव उचलून खिडकीत ठेवले होते आणि गव्हाणीत भिजवलेले हरभरे होते. घोडीच्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता.

"मी आणलो न्हाई सायेब," अक्का म्हणाली. "भाऊबीजेला उजाडताना दार वाजलं. दुबलगुंडीहून भाऊ आला असंल म्हणून पळत गेलो. मास्तर गेल्यापसून तो आला न्हाई. औंदा यील वाटलं. उघडलो तर ही. सरळ आत आली, घर तिचंच असल्यावानी."

"अन् टिळा?"

"ताट तयारच व्हतं."

"चौकीत कामून कळवलं न्हाई?"

"उद्या सांगू, उद्या सांगू म्हनत ऱ्हायलो." ती खाली बघून बोलत होती. "घरात दुसरं कुणी श्वास घ्यायलंय, हे ऐकून लई दिस झालते."

टांगेवाला पुढे झाला. त्याने घोडीच्या मानेवरून हात फिरवला, टिळ्याशी बोटं नेली, पण तो पुसला नाही.

चौकीत परतून मी सईसाला सांगितलं, तेव्हा त्याने हात जोडले.

"तिला खोलीतनं काढायला कारभारी टपलाय सायेब. चोरीचं नाव लागलं की बाई रस्त्यावर. भाऊ तर दारात घेईना."

"तिनं सांगितलं तुमाला?"

"न्हाई. समोर ऱ्हातो, पर कदी येक शब्द न्हाई. बाईमाणूस येकटं, मी कामून बोलू? मैना फुरफुरली, ते वळखलो."

रपटीवर मी शेरा लिहिला: जनावर दोर तोडून भटकले, मिळून आले, फिर्यादीच्या ताब्यात दिले, गुन्हा घडलेला नाही. अक्षर न अक्षर खरं होतं. टांगेवाल्याने अंगठा दिला आणि कारभाऱ्याच्या कानावर काही गेलं नाही.

गुन्ह्यामागचा हेतू शोधताना लोभ पाहा, सूड पाहा, दारू पाहा, असं आम्हाला शिकवलं होतं. एकटेपणा पाहा असं कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी तो आधी पाहिला आणि बऱ्याच ठिकाणी तो सापडला.

वर्षभराने माझी गुलबर्ग्याला बदली झाली. निघायच्या आधी मोटार स्टँडकडे जाताना मी बोळात डोकावलो. सईस उंबऱ्यावर बसला होता. समोर अक्काची गव्हाण अजून मोकळीच होती आणि देव खिडकीतच होते. ती वाडग्यातले भिजलेले हरभरे निवडत होती.

"रोज भिजवताव?"

"आली तर असावं म्हनून."

टांगेवाल्याने मैनेला जत्रेत विकल्याचं मला ठाऊक होतं. खोटी आशा लावण्यापेक्षा सांगितलेलं बरं, म्हणून दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं. सईसाने तोंड फिरवलं. अक्का वाडग्याकडे बघत राहिली.

मग ती उठली. पदर सावरून तिने बोळ ओलांडला आणि वाडगं म्हाताऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवलं.

"अप्पा, भिजलेत. वाया कामून घालायचं? मीठ लावून देऊ का?"

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि ती मीठ आणायला वळली.

मी ट्रंक उचलून स्टँडवर गेलो. मला पोचवायला कुणी आलं नव्हतं.