न चमकलेली बुरशी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, पनवेलच्या कॉलेजात, मी आणि माझी मैत्रीण बुरशीच्या विषाचा अभ्यास करत होतो. नेऱ्याच्या एका शेतकऱ्याकडून बुरसटलेले शेंगदाणे आणले होते. त्यांवरची हिरवट बुरशी नारळाच्या दुधावर वाढवायची आणि अतिनील दिव्याखाली धरायची. विष असेल तर तिच्याभोवती निळसर कडं चमकतं.

दूध मैत्रिणीच्या आईकडून यायचं. तिच्या घरचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शुक्रवारच्या रश्श्यासाठी त्या नारळ खवायच्याच, त्यात आमचाही एक.

"आम्ही खोबऱ्याला बुरशी लागू नये म्हणून ऊन दाखवतो, आणि तुम्ही पोरी मुद्दाम लावता!" त्या म्हणायच्या. दूध मात्र छान दाट काढून द्यायच्या.

वेगवेगळ्या दाण्यांवरून घेतलेल्या सगळ्या बुरश्या चमकल्या, एक सोडून. दिसायला अगदी बाकीच्यांसारखीच.

"दूध पातळ झालं असेल," सर म्हणाले.

मैत्रीण भडकली. "सर, माझ्या आईचं दूध पातळ नव्हतं!"

बोलून गेल्यावर ती लालबुंद झाली. सरांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग डीएनए काढून एकेक जनुक तपासलं; असेल तर चाचणीत त्याची पट्टी दिसते. विष बनवणारी जनुकं बुरशीत एकमेकांना लागून असतात आणि त्यांतलं एक बाकीच्यांना कामाला लावतं. इतर बुरश्यांत त्या एकाची पट्टी ठळक उमटली. आमच्या बुरशीत बाकीची जनुकं होती, पण त्याची जागा रिकामी. मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

त्याच संध्याकाळी सुकापूरच्या रिक्षात ती म्हणाली, "आमचं इस्रायलला जायचं ठरलंय. दादाने सगळी सोय केलीय."

"आणि प्रोजेक्ट?"

"तो पुरा केल्याशिवाय हलणार नाही, सांगितलंय घरी."

तिने शब्द पाळला. आईवडील पुढे गेले, ती तोंडी परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहिली. आम्ही एका गादीवर झोपायचो आणि सकाळी आरशासाठी भांडायचो. इतकं भरलेलं घर मी नंतर अनुभवलं नाही.

आता मी कोन गावाजवळच्या एका प्रयोगशाळेत धान्य तपासते. ती तिकडे शाळेत इंग्रजी शिकवते. तिथली हिब्रू भाषा अजून तोंडात बसलेली नाही, म्हणून कमीच बोलते.

"इथे सगळे मला शांत स्वभावाची समजतात गं," परवा फोनवर म्हणाली.

मला हसू आवरेना. मग तीही हसत सुटली.