निळ्या ड्रमावरची हळद

टँकर चार दिवसांआड येतो, त्यामुळं मोहोळकडच्या आमच्या वस्तीवर निळा ड्रम मिळाला की बायका हरखतात. आमच्या ह्यांनी भंगारवाल्याकडनं दोन ड्रम पिकअपमध्ये घालून आणले, तेव्हा मीही हरखले. वरची लेबलं राखेनं घासघासून काढली, हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं ओढली आणि मगच वापरायचं पाणी भरलं. पाण्याचं नवं भांडं आमच्यात पुजल्याशिवाय भरत नाहीत.

आठवड्याच्या आत सोलापूरहून पोलीस आले. जवळच्या एका बंद कारखान्यात कुणीतरी मेथ नावाची नशेची पूड बनवत होतं. तिथं छापा पडला होता आणि तिथले रसायनाचे रिकामे ड्रम कुठं गेले, याचा शोध चालला होता. आमच्या दारात पिकअप, अंगणात ड्रम, आणि लेबलं गायब! साहेबांनी ह्यांना दरडावलं, "पुरावा पुसलात होय?" एरवी घरात मला बोलू न देणारा माणूस, तिथं नुसता 'साहेब, साहेब' करत राहिला. नेलं की हो त्यांना गाडीत घालून!

आता हे जेलात जाणार, आणि ते माझ्या हातानं, एवढंच डोक्यात. मागं थांबलेल्या फौजदारांसमोर मी जाऊन उभी राहिले.

"साहेब, लेबलं म्या काढली. न्यायचं तर मला न्या. पण आदी वस्ती तरी बघा की!"

घरोघर फिरवलं त्यांना. जिथं तिथं तसलाच निळा ड्रम, घासून लख्ख केलेला, वर हळदीची पाच बोटं. पाचव्या घरात फौजदारांना हसू आवरेना. "बाई, पुरे. कळलं मला." पुढं भंगारवाल्यानंही कबूल केलं, सगळे ड्रम त्यानंच विकले होते. पोलिसांनी ते जप्त केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, "तुमच्या माणसाचा काही संबंध नाही, घेऊन जा." वाटेत मी चांगल्या शिव्या ठरवून ठेवल्या होत्या. हे ठाण्याच्या पायरीवर बसलेले दिसले आणि एकही आठवेना. लग्नाला वीस वर्षं झाली, चारचौघांत ह्यांचा हात कधी धरला नव्हता. तो धरला.

"अगं, लोक बघत्यात."

"बघंनात का," मी म्हणाले, आणि एसटी स्टँड येईस्तोवर सोडला नाही.