काशीला नेलेली आई

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, नोकरी संपली, आता तरी शांत व्हा. बाकीच्या गुन्ह्यांच्या बाबतीत मी झालोही आहे. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले, आणि त्यातलं बरंचसं विसरलो. हे एक प्रकरण मात्र अजून घशाखाली उतरत नाही. यात मी कुणाचंही नाव देणार नाही. ज्यांची नावं घ्यावीत अशी माणसं त्यात थोडीच होती, आणि त्यांना नावाची हौस नव्हती.

मी तेव्हा नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. तेलंगणाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चारही भाषांतली भांडणं ठाण्यात येत आणि आमचे जमादार त्या त्या भाषेत ती मिटवत. अशाच एका बाजाराच्या दुपारी एक बांगडीवाली आली. आमच्याकडे तिला मनियारीण म्हणतात. साठीची मुसलमान बाई, डोक्यावर पदर, काखेत बांगड्यांची पेटी. पेटीतलं काही चोरीला गेलं असेल असं समजून जमादारांनी तिला बाकावर बसवलं.

"साहेब, माझी मैतरीण मेली म्हणून राहिले समदे," ती म्हणाली. "ती मेली न्हाई."

मी तिला पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिची मैत्रीण म्हणजे जवळच्याच गावातली एक विधवा म्हातारी. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. दोघी तरुण सासुरवाशिणी होत्या तेव्हापासूनची ओळख. म्हातारीचा एकुलता मुलगा आणि सून तिला घेऊन काशीला गेले. मुलगा आईला काशी घडवतोय म्हणून गावाने त्याला डोक्यावर घेतलं. परत आले ते दोघंच. गंगेत स्नान केलं, छातीत कळ आली, घाटावरच प्राण गेला, अग्नीही तिथेच दिला, असं मुलाने सांगितलं. काशीत मरण आलं म्हणून गावातल्या म्हाताऱ्या तिचा हेवा करू लागल्या. मग मुलाने मावंदं घातलं. काशीहून परतल्यावर गंगेच्या पाण्याची पूजा करून गावाला जेवण देतात, ते मावंदं. पंगती उठल्या, लोकांनी ढेकर दिले आणि मुलाला श्रावणबाळ म्हणत घरी गेले.

"मग तुला शंका कशाची आली?" मी विचारलं.

"मी तिच्या फोटोला घालाया हार नेला होता, साहेब. सुनेनं हातातून काढून घेतला अन् तुळशीला घातला. मी म्हनलं, फोटोला घाल. तर म्हनली, राहू दे, राहू दे. मावंद्याला माझ्याकडूनच बांगड्या भरून घेतल्या, हिरव्यागार. अन् पोराच्या डोक्यावर केस हायेत, व्हटावर मिशी हाय. आई मेल्यावर तुमच्यात पोरगा केस ठेवतो का?"

ठेवत नाही. आमच्या भागात आईबाप गेल्यावर मुलगा डोकं आणि मिशी उतरवतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अख्ख्या गावाने ते डोकं पाहिलं होतं. काशीत मेलेल्याचं सुतक नसतं, केसही काढावे लागत नाहीत, असं तिथला पंडा म्हणाल्याचं मुलाने सांगितलं, एवढ्यावर गावाचं समाधान झालं. पुरणपोळी पोटात गेल्यावर पुढचं विचारतो कोण?

जमादार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मयत कुणाच्या घरची, फिर्याद कुणाची? वरून विचारतील." त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण माणूस बेपत्ता असल्याची खबर कुणीही देऊ शकतो, त्याला नातं लागत नाही. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मिसिंग दाखल केली. बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. एका पुढाऱ्याचा फोन आला. काशीत मेलेल्या पुण्यवान बाईचं कशाला उकरून काढता, आणि हिंदूच्या घरच्या मयतीत मनियारणीचं काय काम, असं तो विचारत होता. ज्यांचं काम होतं ते पंगतीला बसले होते, असं मी सांगितलं आणि फोन ठेवला. पुढे त्याबद्दल वरिष्ठांची बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

मुलाला चौकशीला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध, बोलणं मधाळ. मी अनेक खोटं बोलणारे पाहिलेत. जो घाबरतो तो सोपा. जो साळसूदपणे बसतो आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, तो अवघड. हा दुसऱ्या जातीतला होता. कोणत्या घाटावर, कोणी लाकडं दिली, पंडा दिसायला कसा, सगळं घडाघडा सांगायचा. पावती हरवली म्हणाला. "मानूस गेलं तितं कागद कोन जपतंय, साहेब?" असं वर मलाच ऐकवलं. सुनेला महिला पोलिसांनी विचारलं, तर ती पदर डोळ्याला लावून बसली. पदर कोरडा होता. पण कोरड्या पदरावर कोर्ट चालत नाही.

मी पुनःपुन्हा त्या तुळशीच्या हाराकडे येत होतो. माणसं फसवायला हे दोघं कचरत नव्हते. मग फोटोला हार घालायला का कचरले? डोकं करायला काय जात होतं? गावाची खात्रीच पटली असती. विचार करता करता लक्षात आलं की यांना माणसांची भीती नव्हती, पण दुसऱ्या कुणाची तरी होती.

मग मी जे केलं ते कुठल्याही पोलिसी पुस्तकात सापडणार नाही. मुलाला म्हणालो, "तिकडे विधी घाईत झाले असतील. आईचा आत्मा अडकायला नको. नांदेडला गोदावरीवर जाऊ, पिंड घाल, मग मी प्रकरण मिटवतो." ओळखीच्या गुरुजींना खरं कारण सांगितलं होतं. ते म्हणाले, मी तयारी मांडतो, पण वेळ आली तर पिंड घालू देणार नाही. सकाळी घाटावर पाट मांडला, दर्भ आले, भाताचे गोळे झाले, न्हावी वस्तरा काढून बसला. मुलगा मांडी घालून बसला खरा, पण सारखा घाम पुसत होता.

गुरुजी म्हणाले, "आईचं नाव घ्या."

तो न्हाव्याच्या वस्तऱ्याकडे पाहू लागला.

"नाव घ्या, तिच्या नावानं पाणी सोडायचं आहे."

"न्हाई जमनार," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "साहेब, हे न्हाई जमनार."

"का?"

"जित्या मानसाचं पिंड घातलं तर लेकराबाळांवर येतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला हजार कोसांवर टाकून आला, तेव्हा लेकराबाळांवर काही येत नव्हतं. गावजेवण घातलं, तेव्हाही नाही. पाप होतं ते फक्त भाताच्या गोळ्यात. जमादार आम्हा दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले, ते बरं झालं.

पुढे तो सगळं बोलला. घर आणि शेत म्हातारीच्या नावावर होतं आणि ते नावावर करून द्यायला ती तयार नव्हती. पण तोंडाने त्याने कारण सांगितलं ते वेगळंच. "लई बोलती, साहेब. दिसभर बोलती. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलती, कमी झालं तरी बोलती." नावेची तिकिटं आणतो म्हणून तिला घाटाच्या पायऱ्यांवर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि नवराबायकोने स्टेशन गाठलं. पायऱ्यांवर बसवताना तिच्या पाया पडलो होतो, हेही त्याने सांगितलं. ते आपल्या बाजूने मोजलं जाईल असं त्याला वाटत होतं.

ज्येष्ठांना सांभाळायची जबाबदारी असताना त्यांना टाकून देणं हा गुन्हा आहे. शिक्षा किती, तर जास्तीत जास्त तीन महिने, नाहीतर दंड. कलम लावताना मीच दोनदा वाचलं, आपलं वाचायला चुकलं का म्हणून.

परराज्यात जायची परवानगी काढली आणि एक महिला पोलीस, एक शिपाई आणि जागा दाखवायला हा मुलगा, असे आम्ही काशीला गेलो. माझ्या आईची काशी करायची इच्छा राहून गेली होती, त्यामुळे तो घाट प्रथम दिसला तेव्हा मलाही गलबलून आलं. घंटा वाजत होत्या, दिवे पाण्यावर चालले होते, देशभरातली माणसं श्रद्धेने बुडी मारत होती. तेवढ्यात आमचा आरोपी दोन पायऱ्या उतरला, गंगेला हात जोडले, ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं आणि मला विचारलं, "साहेब, आलोच हाओत तर अंगूळ करू का?"

मी म्हणालो, "आधी आई कुठं बसवली ते दाखव."

पायरीवर म्हातारी नव्हती. तिथल्या पोलिसांनी मदत केली, आम्ही नावाड्यांना फोटो दाखवला, फुलं विकणाऱ्या बायकांना विचारलं. असली म्हातारी माणसं इथे नेहमी सापडतात, असं ते इतक्या सहज सांगत की अंगावर काटा येई. शेवटी एका नावाड्याला आठवलं. ही बाई मदत मागत होती पण तिची बोली कुणाला नीट कळत नव्हती, आणि तेलंगणातल्या यात्रेकरूंचा एक जथा तिला बरोबर घेऊन गेला. आमच्या हद्दीवरच्या म्हाताऱ्यांना तेलुगू येतं. मुलाने ते धरलं नव्हतं, मीही धरलं नव्हतं.

काशीतल्याच, तेलुगू यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेत ती सापडली. स्वयंपाकघराबाहेर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती, आणि शेजारच्या बाईला तेलुगूत काहीतरी ऐकवत होती. बोलत होती, म्हणजे धडधाकट होती. धर्मशाळेचे व्यवस्थापक मला आत घेऊन गेले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, तिला मुलाचा नंबर पाठ होता, आम्ही फोन लावला होता. मुलगा म्हणाला, आमची आई काशीत वारली, ही कुणी दुसरी असेल. फोनचा स्पीकर चालू होता आणि ती समोर बसली होती.

ही गोष्ट मुलाने मला सांगितलीच नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो भिंतीवरचा देवाचा फोटो पाहत होता.

म्हातारीने आम्हाला पाहिलं, मुलाला पाहिलं. ना रडली, ना ओरडली. "ह्याला कशाला आणलं?" एवढंच विचारलं. मग महिला पोलिसाला म्हणाली, "माझी मनियारीण बरी हाय का? एवढं तांदूळ निवडून होऊ दे, मग येते. ह्यांचं अन्न खाल्लंय मी."

परतल्यावर ठाण्यात तिचा जबाब सुरू होता. गावातली शहाणी माणसं जमून आली. मावंद्याच्या पंगतीत पुढच्या पाटावर बसली होती तीच. एक वयस्क गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, पोटचा पोरगा हाय. चुकलं त्याचं. त्याला जेलात घातलं तर उद्या तुमाला अग्नी कोन देनार?"

मला खरंच धास्ती होती. अशा वेळी आया विरघळतात, जबाब फिरवतात आणि पोलीस तोंडात मारल्यासारखे उभे राहतात. म्हातारी त्या गृहस्थांकडे वळली.

"मेल्यावर कोन का जाळंना," ती म्हणाली. "मी आज दुपारी जेवायचं कुठं, ते सांग."

गावात आधीच कुजबुज होती की जी मेली म्हणून गाव जेवलं तिला घरात घेणं बरं नव्हे. मनियारीण दाराशी उभी होती. ती म्हणाली, "चल, भाकर टाकून आले मी." म्हातारीने जबाबावर अंगठा उठवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिच्याबरोबर निघाली. तिने कुणाच्या घरी जेवावं यावर नेहमी मत असणाऱ्यांपैकी एकालाही त्या वेळी मत सुचलं नाही.

कोर्टात मुलाने गुन्हा कबूल केला आणि थोडक्यात सुटला. प्रांताधिकाऱ्यांकडे म्हातारीने अर्ज केला, आणि बऱ्याच खेट्यांनंतर घर तिच्या ताब्यात आलं. मुलगा-सून बाहेर पडले. तिथे ती पुढे राहिली, आणि ऐकलं ते असं की शेवटपर्यंत मोठ्याने बोलत राहिली.

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं? एकच. गुन्हा दोघांनी केला, पण तो पचवला अख्ख्या गावाने. त्यांनी न उतरवलेलं डोकं पाहिलं, हिरव्या बांगड्या पाहिल्या, आणि पुढची पोळी वाढून घेतली. त्यांच्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं, याचा राग मला आजही आहे.

आता कुणी मावंद्याचं बोलावणं घेऊन घरी आलं की मी आधी विचारतो, काशीला गेले किती होते आणि परत किती आले. लोकांना राग येतो. येऊ दे.