आत्यांचे जिवाणू वाचले

कुठलाही विषय जिवाणूंवर नेऊन सोडण्यात माझ्या नवऱ्याच्या आत्यांचा हात धरणारं माणूस अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी गुडगावच्या नव्या मॉलचा विषय काढला, तरी पाचव्या मिनिटाला त्या माना डोलावत जिवाणूंच्या अंगावरच्या पातळ पडद्याबद्दल ऐकत असायच्या. आत्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होत्या. लग्न केलं नाही. "वेळच मिळाला नाही बघ," असं त्या बस चुकल्यासारखं सांगत.

आम्ही राहायचो त्या दिल्लीतल्या द्वारकेत तेव्हा सोसायट्या धडाधड उभ्या राहत होत्या, मेट्रो यायची होती, आणि पाणी यायचं ते टँकरचं, खारट. त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये रण माजलं असताना आत्या उठल्या आणि आपल्या खास मराठी हिंदीत समजावू लागल्या, की खरा धोका गोड्या पाण्याचा! खाऱ्या पाण्यात मुरलेला जिवाणू एकदम गोड्यात पडला, की पाणी भसाभसा आत शिरतं आणि तो फुगून फुटायला येतो. पण पडदा ताणला गेला, की त्या ताणानेच त्यातली बारीक दारं उघडतात, आतले क्षार बाहेर फेकले जातात आणि बेटा वाचतो. सगळं पापणी लवायच्या आत. सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "मैडम, पहले मीठा पानी आने तो दीजिए, फूटने की बाद में सोचेंगे." सगळ्यांत जास्त हसल्या त्या आत्याच.

पण निवृत्तीच्या वर्षी त्यांचं हसू आटलं. ही दारंच नसलेले जिवाणू त्यांच्याकडे होते. त्यांतल्या काहींना दाराचा जनुक परत द्यायचा, सगळ्यांना खाऱ्यातून गोड्यात टाकायचं आणि कोण जगतं ते पाहायचं, एवढाच प्रयोग. मग दोघांना खाद्य घातलेल्या दोन वेगळ्या काचेच्या ताटल्यांत वाढू द्यायचं, जगले असतील तर ठिपके उठतात. पहिल्या वेळी दोन्ही ताटल्या कोऱ्या निघाल्या, कुणीच जगलं नव्हतं. दुसऱ्या वेळी दोन्ही गच्च भरलेल्या, म्हणजे कुठेतरी सरमिसळ झालेली. वरिष्ठांनी सांगून टाकलं, आता एकदाच, मग टेबल रिकामं करा.

त्या रविवारी सकाळी आत्या आमच्या दारात उभ्या. "तुझी मारुती काढतेस? शेवटच्या ताटल्या आज बघायच्यात." अर्ध्या वाटेवरचा धौला कुआँचा चौक आला तरी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या बारा वर्षांच्या ओळखीत असं कधी झालं नव्हतं. मला तर त्यांची नाडी बघावीशी वाटली.

प्रयोगशाळेत त्यांनी उबदार कपाटातून दोन ताटल्या काढल्या आणि डोळे मिटून माझ्यासमोर धरल्या. "तूच सांग."

"डावी कोरी आहे, आत्या."

"अच्छा. ती बिनदारवाल्यांची. आणि उजवी?"

"साबुदाणा सांडल्यासारखे ठिपकेच ठिपके!"

त्यांनी डोळे उघडले आणि मटकन स्टुलावर बसल्या. "वाचले गं," एवढंच म्हणाल्या. मग पदरानं चष्मा पुसला, तो पुन्हा ओला झाला, पुन्हा पुसला. मीही रडत होते, जिवाणूंसाठी! कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं.

फोटो झाले, नोंद झाली. जिवाणूंच्या त्या वाणाचा थोडा साठा खोल फ्रीजरमध्ये सुरक्षित होताच. नियमाप्रमाणे आता ताटल्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालून त्यांतले जिवाणू मारायचे होते. आयुष्यभर हजारो ताटल्या त्यांनी बोलता बोलता त्यात टाकल्या असतील. आज मात्र झाकणावर हात ठेवून त्या थांबल्या.

"टाकू का मी?" मी विचारलं.

"टाकायच्याच आहेत गं," त्या म्हणाल्या. उजवी ताटली त्यांनी खिडकीपाशी उजेडात ठेवली आणि माझ्यासाठी दुसरं स्टूल ओढलं. "पण बस जरा. आज आपल्याला कुठे घाई आहे?"