आमचा पाच

मी शिंकलो.

साहेब हातभर अंतरावरून गोल्फचा बॉल होलमध्ये ढकलत होते. भोवती शे-दोनशे माणसं श्वास धरून उभी. माझ्या नाकानं नेमका तोच मुहूर्त धरला. शिंकही साधी नाही, आमच्या घराण्याची. म्हसळ्याच्या अलीकडे आमच्या गावात माझा बाप शिंकला की खळ्यावरचे कावळे उडत. साहेबांचा हात हलला. बॉल काठावरून वळून बाहेर राहिला.

साहेबांनी तो दुसऱ्या फटक्यात आत घातला. उचलला. माझ्याजवळ आले.

"मुँह खोल."

मी उघडलं. त्यांनी बॉल माझ्या तोंडात कोंबला.

"अब छींक."

लोक हसले. बायका छत्र्यांआड हसल्या. चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप मी. खांद्यावर चामड्याची बॅग, तोंडात बॉल. तसाच पुढच्या होलापर्यंत चाललो. गवताची नि चिखलाची चव. लाळ हनुवटीवरून गळत होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

एकच माणूस हसला नाही. राघो. माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्या दिवशी साहेबांच्या समोर खेळत होता तो. जवळ आला, माझ्या हनुवटीखाली आपली ओंजळ धरली आणि हळूच म्हणाला, "थुका, भावोजी. थुका हितं. काय करतंय त्यो, बघतो मी."

मी थुंकलो नाही. साहेबांनी खूण केली तेव्हाच बॉल काढला, शर्टाला पुसला आणि परत दिला. वर म्हणालो, "थँक्यू सर."

ही शिंक मी घरी अनेकदा करून दाखवली आहे. यंदा शिमग्याला गावी आलो तेव्हाही केली. पोरं पोट धरून हसली. गोष्ट सांगण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पण मी ती शिंकेपाशी थांबवत होतो. बॉल तोंडात गेला ते सांगत नव्हतो, आणि त्यानंतर त्याच तोंडानं जे केलं ते तर नाहीच.

मुंबईच्या एका क्लबात मी कॅडी होतो. म्हणजे साहेब लोक गोल्फ खेळतात तेव्हा त्यांच्या काठ्यांची बॅग वाहणारा. गोरे जाऊन चौदा-पंधरा वर्षं झाली होती. साहेब आता आपलेच होते, रंगानं आमच्यापेक्षा थोडे उजळ, एवढंच. राघोही आधी कॅडीच. साहेबांचे फटके बघून बघून शिकला आणि साहेबांपेक्षा बरा खेळू लागला. मग क्लबानं त्याला साहेबांना शिकवायला ठेवला. शिकवायचं मैदानावर, जेवायचं मागच्या पत्र्याखाली. क्लबाच्या पुढच्या दारानं त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

त्या जानेवारीत देशभरच्या खेळाडूंची मोठी स्पर्धा आमच्या क्लबात भरली. चार दिवसांची. पोटासाठी खेळणारे आणि हौसेनं खेळणारे, सगळे एकत्र. या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो. तिसऱ्या दिवसाअखेर राघो आणि माझे साहेब बरोबरीत होते. शेवटच्या दिवशी जोडी लागली दोघांची. जिंकणाऱ्याचं नाव दिवाणखान्यातल्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत चढणार होतं. राघो मला सकाळी म्हणाला होता, "नाव लिवायला तरी पुढल्या दारानं घेतील ना आत?"

आता कार्डाचं सांगतो. प्रत्येक होलाला किती फटके लागले ते कार्डावर लिहायचं, पण स्वतःचे स्वतः नाही. राघोचे साहेबांनी लिहायचे, साहेबांचे राघोनं. शेवटी ज्यानं लिहिले त्यानं सही करायची आणि ज्याचे फटके त्यानंही आकडे तपासून सही करायची. सही केली की संपलं. खरे फटके जास्त आणि कार्डावर कमी, असं निघालं तर माणूस बाद.

शिंकेनंतर साहेबांचं डोकं तापलेलं. दुसऱ्या होलावर त्यांनी राघोचं कार्ड नि पेन्सिल माझ्याकडे फेकली. "तू लिख."

मी पाचवीपर्यंत शिकलो. इंग्रजी म्हणाल तर आकड्यांपुरतं, आणि तेही बॅगांवरचे नंबर बघून उचललेलं. पण लिहिलं. नीट, एकाखाली एक. चार, चार, तीन, चार. छाती थोडी फुगलीच होती. खोटं कशाला बोलू?

सोळाव्या होलावर राघोचा बॉल वाळूच्या खड्ड्यात गेला. एका फटक्यात निघाला नाही. दुसऱ्यात निघाला. एकूण पाच. साहेबांनी चारात संपवलं आणि दोघे पुन्हा बरोबरीत आले. मला साहेबांचं बरं वाटायला हवं होतं, राघोचं वाईट. की उलटं? काही कळेना. आणि हातानं आपसूक आमच्या शाळेतल्या मास्तरांनी पाटीवर गिरवून घेतलेला पाच काढला. मराठी ५. घाईत काढला तर वरून उघडा, खाली शेपटी. इंग्रजी चार काढा आणि शेजारी ठेवा, म्हणजे समजेल.

मला तेव्हा समजलं नाही. माझ्या डोळ्यांना तो पाचच होता.

अठराव्यावर राघोनं पंधरा हातांवरून बॉल आत घातला. एका फटक्यानं जिंकला. दोरीपलीकडचे कॅडी टोप्या उडवून नाचले. साहेबांनी कार्डाकडे न बघता सही ओढली. राघोनं मात्र एकेका आकड्यावर बोट ठेवलं. सोळाव्यावर थांबला, मला बघून हसला. "ह्या पाचानं जीव घेतला व्हता, भावोजी." मग खाली लिहिलं, राघो. मराठीत.

टेबलापाशी क्लबाचे सेक्रेटरी मोठ्यानं आकडे वाचू लागले. मला इंग्रजी आकडे कळत होते. सोळा. फोर.

साहेबांची मान वर झाली. "फोर? नाही. पाच होते. सगळ्यांनी बघितलंय."

"पाचच लिवलेत की," राघो म्हणाला. त्यानं बोट ठेवलं. "ह्यो पाच न्हाय तर काय हाय?"

सेक्रेटरी हसले. कार्ड हातोहात फिरलं. टेबलाभोवतीचे सगळे इंग्रजी शाळांत शिकलेले. सगळ्यांना चारच दिसला. कोणीतरी हिंदीत म्हणालं, "इन लोगों को गिनती भी अपने फायदे की आती है."

"भावोजी," राघो माझ्याकडे वळला, "सांगा ह्यांना. ह्यो पाच हाय का न्हाय?"

सेक्रेटरींनी साहेबांना विचारलं, कार्ड कोणी लिहिलं? कार्ड कॅडीला लिहायला दिलं म्हटलं असतं तर साहेबांचीच शोभा झाली असती. ते शांतपणे म्हणाले, मी लिहिलं, तेव्हा गडबडीत राघोला विचारलं, त्यानं चार सांगितले, मी विश्वास ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"चार ही बोला था ना उसने?"

या वेळी माझ्या तोंडात काही नव्हतं. तोंड मोकळं होतं. जीभ मोकळी होती.

मी म्हणालो, "जी."

एक अक्षर. भ्यालो, इतकंच. साहेबांनी ऑफिसात शिपायाची कायमची जागा देतो म्हटलं होतं, ती डोळ्यांपुढे होती हेही खरं.

राघोनं तोंड उघडलं. पेन्सिल माझ्या हातात होती हे त्याला माहीत होतं, त्यानं दिवसभर पाहिलं होतं. पण त्यानं माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंड मिटलं. बहिणीचं घर दिसलं असणार त्याला. पाठ फिरवली आणि पत्र्याच्या शेडकडे चालू लागला. फळ्यावर साहेबांचं नाव चढलं.

मला शिपायाची जागा मिळाली. ऑफिसात काचेच्या कपाटात त्या स्पर्धेचा कप होता. तो रोज सकाळी पावडरीनं पुसायचं काम माझं. पावडरीची डबी कपाटाशीच असायची.

राघो गावी परतला. त्याला क्लबानं काढलं होतं. आता तो दिवेआगरला दुसऱ्याच्या वाडीत सुपाऱ्या उतरवतो.

तर यंदाचा शिमगा. बायकोबरोबर बोरलीच्या बाजारात गेलो होतो. सुकी मासळी घ्यायची होती. मासळीवाली बांगडे मोजून देत होती. बायको सवयीनं स्वतः मोजायला वाकली, तशी मासळीवालीनं तिचा हात बाजूला सारला.

"राघोची भन ना गं तू? मग मीच मोजतंय. तुमच्याकडं पाचाचं चार व्हतात."

आजूबाजूची हसली. बायकोनं टोपली तिथंच ठेवली आणि चालू लागली. घरापर्यंत मान खाली. मी मागून चाललो होतो. बोलायला काय, तोंड होतं की. वाटेत मी तिला हसवायला शिंकून दाखवलं. देवा. खरंच शिंकून दाखवलं.

दिघीहून बोटीनं मुंबईला परतलो. चौथ्या दिवशी साहेबांकडे पाहुणे आले. कपाटाशी उभे राहून साहेब त्यांना गंमत सांगत होते, एक अडाणी कसा पाचाला चार म्हणायचा. मी चहाचा ट्रे घेऊन उभा. सांगता सांगता माझ्याकडे वळले.

"हा होता ना तिथं. चार ही बोला था ना उसने?"

"नाही साहेब."

"क्या?"

"पाच होते. पाचच लिहिले होते. मी लिहिले. तुम्ही कार्ड माझ्याकडे फेकलं होतं." हे मी मराठीत बोललो. हिंदी आठवेना. ट्रे खाली ठेवला, कप पुसायच्या पावडरीत बोट बुडवलं आणि कपाटाच्या काचेवर काढला. ५. हातभर उंच. "हा आमचा पाच आहे. तुम्हाला वाचता येत नाही. त्यात राघोची चूक नाही."

पाहुणे काचेकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, "निकल."

निघालो. तिथून क्लबात गेलो, पुढच्या दारानं. सेक्रेटरींना सगळं सांगितलं. लिहूनही दिलं, खाली सही करून. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, म्हणाले, निकाल लागून गेला, आता काही होत नाही. आणि पहारेकऱ्याला हाक मारली.

काही झालं नाही. फळ्यावरचं नाव तेच आहे. माझी जागा गेली. राघो झाडावर आहे.

काल घरी आलो. बायको भात वेळत होती. तिच्या समोर बसलो आणि शिंकेपासून सुरुवात केली, पण या वेळी थांबलो नाही. बॉल सांगितला. ५ सांगितला. "जी" सांगितलं. मग साहेबांची काच आणि क्लबाचं दार सांगितलं. मला वाटलं होतं, निदान काचेपाशी तरी ती वर बघेल.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"दादाला ठावं व्हतं, तुमी लिवलंत ते?"

"होतं."

"आनि त्यो माझ्यापासनं पन गप ऱ्हायला?"

"हो."

तिनं भातावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "साहेबाला सांगितलंत, ते साहेबाचं झालं. परवा बोरलीचा बाजार हाय. मासळीवालीच्या समोर हुबं ऱ्हायचं आनि ह्येच सांगायचं, मोठ्यानं, सगळ्यांनला आयकू जाईल असं. तिथं शिंकायचं न्हाय."